मामाजींचं शास्त्रखातं



श्रुतपंचमीवर लिहीन असं जूनमध्ये म्हटलं होतं. आता दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीही होऊन गेली. इतका उशीर झाला कारण हा विषय सांगायचा तर माझी एक चूक सांगावी लागणार होती आणि ती सांगायचा धीर होत नव्हता. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन करून "उत्तम क्षमा" म्हटलं. जिला खरं म्हणायला हवं होतं, तिचा नंबरच माझ्याकडे नव्हता. तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आमच्याकडे शास्त्रजींचं कपाट उघडतात. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम लिहून पूर्ण केला, त्या ग्रंथाची पूजा झाली, तो हा दिवस. तोंडी चालत आलेलं ज्ञान विसरलं जाईल या काळजीने ते लिहून ठेवलं गेलं. अर्थ मोठा आहे, पण घरातल्या बाईच्या वाट्याला त्या दिवशी येते ती धूळ. वेष्टनं सोडायची, धुवायची, ग्रंथांना ऊन दाखवायचं, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवायचा. मारेगावात तेव्हा मृग तोंडावर आलेला असतो. दुपारी वावटळ उठते, म्हणून हे सगळं सकाळी नऊच्या आत उरकावं लागतं. आमचं कापडाचं दुकान आहे. नव्या वेष्टनांसाठी कोरा मांजरपाट दुकानातूनच येतो आणि तो फाडताना हे दरवर्षी म्हणतात, "मोजून फाड, मीटर लिहायचाय." देवाच्या कामाचा कपडाही वहीत लिहिण्याची पद्धत मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची.

यंदा सगळ्यात खालचा कप्पाही काढला. तिथे मामाजींची मासिकं सुतळीने बांधून ठेवलेली होती. 'सत्यकथे'चे काही अंक, विदर्भ साहित्य संघाची 'युगवाणी', बरेच दिवाळी अंक. गठ्ठ्यांच्या खाली लाल कापडात गुंडाळलेली एक खतावणी होती. दुकानाचीच असेल म्हणून बाजूला ठेवत होते, तर पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली लिहिलेलं होतं, 'शास्त्रखाते'.

ज्ञानखातं आपल्या प्रत्येक मंदिरात असतं. पण घरात, एका दुकानदाराच्या हातचं, पहिल्यांदाच पाहत होते. कुठल्या मासिकाची वर्गणी, मनीऑर्डरने किती, पोस्टाचं कमिशन किती. दिवाळी अंकाला पाव पान जाहिरात. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकच नोंद पुन्हा पुन्हा येत होती: 'गुरुजी. ज्वारी १ पोतं. तूरडाळ ५ किलो.' दिवाळीला त्यात 'लुगडं १' वाढायचं. आणि प्रत्येक वेळी ओळीच्या शेवटी 'विडा'.

सासूबाईंना विचारलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण जुनं सगळं आठवतं. गुरुजी म्हणजे जवळच्याच एका खेड्यातले शिक्षक. नोकरी सुटलेली, घरात चार पोरं, आणि हा माणूस कविता करायचा, वरून एक अनियतकालिक काढायचा. सायकलोस्टाईलवर, वीस-पंचवीस पानांचं. "अनियत म्हणजे काय," मी विचारलं. "म्हणजे पैसे असले की निघे," सासूबाई म्हणाल्या.

"पण ज्वारी शास्त्रखात्यात कशी? ते तर आहारदान झालं."

"हेच म्या बी विचारलं होतं व माय. तर म्हणे, पुष्पदंताले विचार."

आचार्य पुष्पदंतांचा ज्वारीशी काय संबंध, हे मला कळेना. दोन दिवसांनी लक्षात आलं की पुष्पदंत दोन आहेत. मामाजी बोलत होते ते कवी पुष्पदंतांबद्दल, षट्खंडागमाच्या आचार्यांनंतर कित्येक शतकांनी झालेल्या. त्यांच्या 'जसहरचरिउ'ची भारतीय ज्ञानपीठाने हिंदी अनुवादासह पुन्हा काढलेली आवृत्ती त्याच कपाटात होती आणि तिच्या शेवटच्या पानांजवळ मामाजींनी दुकानाच्या पावतीची खूण घातली होती.

हे पुष्पदंत दहाव्या शतकातले, अपभ्रंशाचे फार मोठे कवी. स्वतःला 'अभिमानमेरू' म्हणवून घेणारे, यावरून स्वभावाची कल्पना यावी. कुठल्याशा राजाच्या दरबारात मन विटलं आणि ते चालत चालत राष्ट्रकूटांच्या राजधानीपाशी, मान्यखेटाला आले. आजचं मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यातलं. गावाबाहेरच्या बागेत थकून पडले होते. तिथून मंत्री भरत यांनी त्यांना समजावून घरी नेलं, ठेवून घेतलं, लिहितं केलं. 'महापुराण' ९६५ मध्ये पूर्ण झालं ते त्या घरात. भरतांनंतर त्यांच्या मुलाने, नन्नाने, कवीला सांभाळलं. 'णायकुमारचरिउ' आणि 'जसहरचरिउ' नन्नाच्या घरी लिहिले. आणि 'जसहरचरिउ'च्या अखेरीस, जिथे मामाजींची खूण होती, तिथे कवी दुष्काळाचं वर्णन करतो. माणसं मरत आहेत, मुलूख उजाड झालाय, अशा वेळी नन्नाने मला घर दिलं, चांगलं जेवण दिलं, तलम वस्त्र दिलं, विडा दिला, असं तो लिहून ठेवतो.

विडा. तेव्हा कुठे खतावणीतला तो शब्द उलगडला.

मामाजी सातवी शिकलेले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गादीवर बसून वाचायचे. त्यांनी नन्नाची गोष्ट वाचली आणि एका खेड्यातल्या मास्तरला ज्वारीसोबत पान लावून द्यायला सुरुवात केली. धान्य देणारा देतो आणि घेणारा मान खाली घालून घेतो. विडा तसा देता येत नाही, समोर बसवूनच द्यावा लागतो. सासूबाई म्हणाल्या, गुरुजी आले की तासभर बसत, कविता म्हणत, आणि हे मापाची पट्टी हातात धरून ऐकत राहत.

आता या पुस्तकाची वाट बघा. ही हस्तलिखितं आपल्या वऱ्हाडात कारंज्याच्या शास्त्रभांडारांत शतकानुशतकं राहिली. कारंजा लाड इथून फार लांब नाही, वाशीम जिल्ह्यात. तिथल्या चवरे घराण्याने पैसा दिला, अंबादास चवरे यांच्या नावाची ग्रंथमाला निघाली. १९३१ मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादलेलं 'जसहरचरिउ' तिच्यातून आलं आणि १९३३ मध्ये हिरालाल जैनांनी संपादलेलं 'णायकुमारचरिउ' निघालं. हिरालालजी तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवत. धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीतूनच निघाला आणि त्याला पैसा होता विदिशाच्या शेठ लक्ष्मीचंद्रांचा. सोळावा भाग निघायला १९५९ उजाडलं. वीस वर्षं एका कामामागे उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्याने एखादं मंदिर बांधायला घेतलंय त्याला कळेल.

देणाऱ्यांची आपल्यात कमी कधीच नव्हती. कर्नाटकातल्या अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. हजार, आणि त्याही हाताने लिहिलेल्या! रन्न कवीचं 'अजितपुराण' (९९३) तिच्याच आश्रयाने झालं. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींनी १८८० च्या दशकात 'जैन बोधक' सुरू केलं. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव. पण मला सगळ्यात भावतात ते सोलापूरचेच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. १९४० मध्ये त्यांनी ठरवलं की कमावलेलं धर्मकार्याला लावायचं, आणि ठरवून झाल्यावर ते देशभर फिरले. कशावर खर्च करू, हे विद्वानांना तोंडी आणि लेखी विचारलं. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथाला विद्वानांना जमवून चर्चा केली आणि मग तीस हजार रुपये दिले. १९४४ मध्ये उरलेली सगळी मालमत्ता, साधारण दोन लाखांची, संघाला देऊन टाकली. जीवराज जैन ग्रंथमाला ती हीच. देण्याआधी विचारणारा दाता मी तरी आयुष्यात फार पाहिलेला नाही. आपल्याकडे पंख्याच्या तीन पात्यांवर तीन नावं असतात.

त्याच १९४४ मध्ये साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी भारतीय ज्ञानपीठ स्थापन केलं. पुढे १९६५ पासूनचा ज्ञानपीठ पुरस्कार, पहिला मल्याळम कवी जी. शंकर कुरुप यांना. मराठीत १९७४ चा खांडेकरांना, १९८७ चा कुसुमाग्रजांना, २००३ चा विंदांना, २०१४ चा नेमाड्यांना. मी वयं काढून बघितली. त्या त्या वर्षी चौघांनीही पंचाहत्तरी गाठलेली होती. यात पुरस्काराचा दोष नाही, तो आयुष्यभराच्या कामाचाच असतो. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार १९९४ पासून चालवले, तेही मोलाचेच. पण पंचाहत्तरीपर्यंत लिहिता यावं यासाठी पंचविशीत कुणीतरी पहिली कविता छापावी लागते. ते काम मासिकं करतात, आणि मासिकांना पैसा देणं कुणाला सुचत नाही. 'सत्यकथे'सारखं मासिकही १९८२ मध्ये थांबलं. गुरुजींच्या सायकलोस्टाईलची काय कथा!

मराठी दिवाळी अंक कसे चालतात, हे तुमच्यापैकी दुकानदारांच्या घरातल्या बायकांना सांगायला नको. श्रावणात संपादक किंवा त्यांचा माणूस येतो, चहा घेतो, दरपत्रक देतो. पूर्ण पान, अर्धं, पाव, 'शुभेच्छुक'. अंक विकून छपाई निघत नाही, जाहिरातीतून निघते. आमच्या जाहिरातीने एक मीटर कापड जास्त खपलं नसेल. मारेगावच्या बाजारात कापूस विकून येणारा माणूस दुकानात शिरतो तो उधारीची वही ओळखीची असते म्हणून. तेव्हा ही जाहिरात म्हणजे दानच, फक्त त्याला व्यापाराचा सदरा घातलेला. ते चांगलंच आहे, घेणाऱ्यालाही अवघड वाटत नाही. पण त्या सदऱ्याला एक खिसा असतो, आणि त्या खिशात मी हात घातला.

तर माझी चूक. तीन वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका छोट्या त्रैमासिकाला मी पाच हजार रुपये दिले. अर्धं पान जाहिरात, दुकानाची. आणि पाकिटात माझी एक कविता ठेवली. छापा असं म्हटलं नाही. नुसती ठेवली. संपादकांनी ती छापली, जाहिरातीच्या समोरच्या पानावर. मी अंकाच्या दहा प्रती घेतल्या, माहेरी पाठवल्या, मंदिरात एक ठेवली. खूप मिरवले, खोटं कशाला सांगू?

पुढच्या संक्रांतीला वणीत एका कार्यक्रमात ते संपादक भेटले. हसत हसत, माझ्यावर काहीही न ठेवता म्हणाले, "ताई, तुमच्या कवितेसाठी झरी-जामणीकडच्या एका पोरीची कविता पुढच्या अंकात ढकलली होती. आणि बघा, पुढचा अंक निघालाच नाही."

मी तिळगूळ खात होते. तो तोंडात तसाच राहिला.

ती पोरगी कोण, कविता कशी, मला काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की तिची आई कापूस वेचायला जाते आणि कविता त्यावर होती. माझी कविता चातुर्मासावर होती. चातुर्मासावर मी दरवर्षी लिहू शकते. चोरी म्हणजे न दिलेलं घेणं, असं आपण लहानपणापासून पाठ करतो. संपादकांनी मला पान दिलं होतं, त्यामुळे ही चोरी म्हणावी की नाही, यावर मी सामायिकात बसून बरेच दिवस घोळले. निकाल लागला नाही. पण ते पान त्यांनी मोकळ्या मनाने दिलं नव्हतं, पाच हजारांनी दिलं होतं, हे मला माहीत आहे.

या जूनमध्ये त्यांचा फोन आला. अंक पुन्हा सुरू करतोय. नेमकी श्रुतपंचमीनंतरची चौथी संध्याकाळ, सूर्यास्ताआधीचं जेवण चाललेलं. ह्यांनी फोनवरचं ऐकलं आणि म्हणाले, "मृगात? अगं, मी दुकानात माशा मारतोय. उधारी दिवाळीशिवाय येत नाही. लोकांनी बियाण्यालाच पैसे उसने आणलेत."

खरंच होतं. मी खतावणी आणून समोर ठेवली. पावसाने दगा दिलेल्या वर्षांत मामाजींनी काय केलं, ते शोधलं. त्या वर्षी जाहिरात नव्हती, दोन मासिकांच्या वर्गण्याही नव्हत्या. गुरुजींची ज्वारी मात्र होती, पोत्याऐवजी अर्धं पोतं. आणि विडा.

हे बराच वेळ पानं उलटत राहिले. वडलांचं अक्षर होतं ते. मग म्हणाले, "किती द्यायचे?"

तीन हजार ठरले. जाहिरात नको, नाव नको, कविता तर नाहीच. मी संपादकांना सांगितलं, हे लेखकांच्या मानधनाला वापरा. ते जरा थांबून म्हणाले, "देतो ताई. पण टपालाला कोण देणार? मानधनाला दिलेले पैसे सांगायला छान वाटतात. अंक माझ्याच घरात पडून राहिला तर त्या मानधनाचं काय करू?" मी गप्प झाले. म्हणजे पुन्हा मी दातृत्वाचा चांगला दिसणारा भाग आपल्याकडे ठेवत होते. तुम्हाला जिथे लागतील तिथे वापरा, म्हटलं. गोपाळ गोविंदाची गोष्ट आठवली, शास्त्रदानाचं उदाहरण म्हणून सांगतात ती. त्याला झाडाच्या ढोलीत ग्रंथ सापडला, त्याने तो मुनींना नेऊन दिला, एवढंच. त्याने काही सांगितलं नाही, कसा वाचा, कुठे ठेवा.

त्या मुलीचं विचारलं. कविता त्यांच्या फाइलमध्ये अजून होती. "छापू का?" ते म्हणाले.

मैत्रिणींनो, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. माझं ओझं उतरलं असतं. पण ते पुन्हा माझ्या पैशाने घेतलेलं पान झालं असतं, फक्त दुसऱ्याच्या नावावर. "ते तुम्हीच ठरवा," म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले.

अंक भाद्रपदात आला, दशलक्षणाच्या उत्तम त्यागाच्या आदल्या दिवशी. आधी अनुक्रमणिका बघितली. ती कविता नाही. संपादकांना फोन केला तर म्हणाले, "पुन्हा वाचली. चांगली आहे, पण तेव्हाची आहे. आता ती पोरगी याहून चांगलं लिहीत असेल असं वाटलं. नवीन मागवलीय, उत्तर आलं नाही अजून." रुसावं की पटवून घ्यावं, कळलं नाही. मामाजींनी गुरुजींच्या कविता चांगल्या होत्या की नव्हत्या, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही.

तिचा पत्ता त्यांच्याकडून घेतला. काल पोस्टकार्ड टाकलं. काय झालं ते सगळं लिहिलं, उत्तम क्षमा मागितली, आणि माझ्या नावाखाली दुकानाचं नाव लिहिता लिहिता खोडलं.

एक राहिलं. नाव नको म्हणूनही संपादकांनी अंकाच्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, 'साभार' म्हणून आमच्या दुकानाचं नाव घातलंच आहे, वर 'मारेगाव'चं 'मोरेगाव' केलंय. मी वैतागले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर गल्ल्याच्या काचेखाली ते कात्रण ठेवलेलं, मामाजींच्या फोटोच्या शेजारी, आणि 'मो'ची मात्रा निळ्या पेनने खोडलेली.